डबीभर काळी पावडर आणि नागपूरचं ऊन

नागपूरला मे महिन्यात कोण जातं? मी गेले. आणि परत आल्यापासून माझी बडबड थांबत नाहीये, शेवटी आई म्हणाली, "सायली, आता लिहून काढ बाई, म्हणजे आमचे कान सुटतील." तर लिहिते. भराभरा टाईप करतेय, काही चुकलं तर समजून घ्या.

मी रत्नागिरीची. पीएच.डी.चं पहिलं वर्ष. माझ्या बॅगेत कपडे कमी आणि डब्या जास्त होत्या. एका डबीत काळी पावडर, म्हणजे कार्बनचे अगदी बारीक कण आणि त्यांच्यावर चिकटलेले प्लॅटिनमचे त्याहून बारीक कण. दुसऱ्या डबीत तीच पावडर, पण आयनिक लिक्विडचा थर दिलेली. आणि एका इवल्याशा बाटलीत ते आयनिक लिक्विड. गाडीत समोरच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, "काजळ आहे का गं?" मी हो म्हटलं असतं तर प्रवास शांत झाला असता. पण मी त्यांना सगळं सांगितलं. भुसावळपर्यंत.

तुम्हालाही सांगते, थोडक्यात. हायड्रोजनचा फ्युएल सेल म्हणजे एका बाजूनं हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूनं हवा, वीज बाहेर येते आणि उरतं फक्त पाणी. धूर नाही, आवाज नाही. पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन आपणहून असे शहाण्यासारखे वागत नाहीत, मध्ये प्लॅटिनम लागतं. तेच उत्प्रेरक, लॅबमध्ये सगळे कॅटॅलिस्ट म्हणतात. आणि प्लॅटिनम किती महाग ते कुठल्याही सोनाराला विचारा. म्हणून जगभर खटपट चालू आहे की तेवढ्याच प्लॅटिनमकडून जास्त काम कसं करून घ्यायचं. त्यातली एक युक्ती आयनिक लिक्विडची. हे लिक्विड म्हणजे मीठच, पण साध्या हवेत पातळ राहणारं, मधासारखं. पावडरीच्या भोकाभोकांतून त्याचा एकदम पातळ थर द्यायचा. त्या थरात ऑक्सिजन छान विरघळतो, आणि तो थर पाण्याला लांब ठेवतो, त्यामुळे प्लॅटिनम मोकळं राहतं आणि जोरात काम करतं.

रत्नागिरीत बीकरमधल्या टेस्टमध्ये माझी थर दिलेली पावडर साध्या पावडरीच्या खूप पुढे गेली होती. मी लॅबमध्ये नाचले होते. पण बीकर म्हणजे बीकर, खरा सेल वेगळा, आणि खरा सेल तपासायचं यंत्र आमच्याकडे नाही. ते नागपूरच्या एका लॅबमध्ये आहे. माझ्या गाईड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खऱ्या सेलमध्ये चाललं तर हाच तुझा विषय. नाही चाललं तर आल्यावर बोटींच्या पत्र्याचा गंज घे. त्यात निदान काम मिळेल." गंज वाईट विषय नाही हो. पण मला हा हवा होता. खूप हवा होता.

स्टेशनबाहेर

मला घ्यायला प्रज्ञा आली होती. प्रज्ञा मेश्राम, त्या लॅबमध्ये पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला. आधी आम्ही फक्त फोनवर बोललो होतो. गाडीवर एक बाई बसलीय, डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेलं, हातात पांढरे लांब हातमोजे. मी दोनदा तिच्यासमोरून गेले.

"अवं सायली! इकडं! मीच आहे!"

"मला ओळखूच आली नाहीस."

"इथं उन्हाळ्यात कोणीच कोणाले ओळखत नाही. तुहा दुपट्टा कुठी आहे?"

"आणला नाही."

"बापरे. हे घे." तिनं डिकीतून एक दुपट्टा काढला आणि भर रस्त्यात माझं डोकं असं बांधलं की मला स्वतःचा आवाज लांबून ऐकू यायला लागला. मग माझ्या खिशात एक कांदा घातला. खराखुरा कांदा! "राहू दे. ऊन लागत नाही यानं. आई विचारेल तर दाखवजो."

आमच्याकडे मे महिन्यात घाम असतो. सकाळी आंघोळ केली की घाम, पंख्याखाली बसलं की घाम. इथे घामच नाही! म्हणजे येतो, पण दिसायच्या आधीच उडून जातो. ओठ पापडासारखे. धुतलेला रुमाल गाडीवर हातात धरला होता, लॅबला पोचेपर्यंत वाळला. मी ओरडले, "प्रज्ञा, रुमाल वाळला!" ती म्हणाली, "मग? वाळनारच ना." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

वाटेत पोहे. नागपूरचे पोहे म्हणजे वरून तर्री, चण्याचा लालभडक पातळ रस्सा. गाडीवाल्या भाऊंनी विचारलं, "तर्री जास्त टाकू काय?" मी कोकणातल्या माणसाच्या आत्मविश्वासानं म्हटलं, टाका. पहिल्या घासाला कान बंद झाले. दुसऱ्याला नाक उघडलं. प्रज्ञा हसत होती, आणि भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, पानी नका पिऊ, अजून लागते. पोहे खा." खरंच खात राहिले की कमी लागतं! मी दुसरी प्लेट घेतली.

आणि संत्री? संत्र्यांच्या शहरात येऊन मी एकही संत्रं पाहिलं नाही. "मे महिन्यात कुठले संत्रे वं?" प्रज्ञा म्हणाली. संत्र्याची बर्फी मात्र मिळाली.

लॅब

लॅब सगळ्यात वरच्या मजल्यावर. जो पहिला येईल त्यानं कूलरमध्ये पाणी भरायचं, हा तिथला नियम. बोरकर सर लॅबचे प्रमुख, केस पांढरे, पायात चपला, सगळ्यांना बेटा म्हणतात. त्यांनी माझ्या डब्या हातात घेऊन खिडकीकडे धरल्या, जणू आंबे बघतायत.

"बीकरात चालली म्हणते?"

"हो सर! खूपच!"

"बीकरात सगळ्यायचं चालते बेटा. लगीन सेलमध्ये होते."

आम्ही कामाला लागलो. पावडर तोलायची, पाणी-अल्कोहोल घालून तिची शाई करायची, ती शाई पातळ पडद्यावर फवारायची, दाबायची, सेल बांधायचा. साध्या पावडरीची डबी उघडली आणि तोलताना एक गंमत झाली. काट्यावरचा आकडा स्थिरच होईना. हळूहळू खाली खाली जात होता. प्रज्ञा म्हणाली, "कूलरची हवा लागून राहिली असेल." आम्ही काट्याची काचेची दारं लावली, कूलर बंद केला, थोडं थांबलो आणि आकडा लिहून घेतला. पुढे गेलो.

आधी साध्या पावडरीचा सेल लावला. नव्या सेलला आधी थोडं चालवून तयार करावं लागतं, मग मोजायचं. स्क्रीनवर एक रेघ येते: जितका जास्त करंट मागाल तितकं व्होल्टेज हळूहळू खाली उतरतं. चांगल्या सेलची रेघ सावकाश उतरते, जिन्यावरून म्हातारी माणसं उतरतात तशी. साध्या पावडरीची छान उतरली. निळी रेघ.

मग माझी. थर दिलेली. लाल रेघ. सुरुवातीला ती निळीच्या वर! मी प्रज्ञाचा दंड धरला. वर, वर, अजून वर, आणि मग करंट वाढवला तशी धप्पकन खाली. म्हातारी माणसं नाही, जिन्यावरून गडगडलेला नारळ.

"परत घेऊ," मी म्हटलं. परत तेच. सरांना वाटलं आत पाणी साचत असेल, म्हणून गॅसमधली ओल कमी करून पाहिली. परत तेच.

सर खुर्चीवर मागे टेकले. "बेटा, सुरुवात तुही चांगली आहे. म्हणजे प्लॅटिनम काम करून राहिलं. पण जास्त ऑक्सिजन मागितला का तो आत पोचूनच नाही राहिला. पावडरीले श्वास घेता येऊन नाही राहिला. तुहं लिक्विड जास्त झालं, भोकं बुजले."

"पण सर, मी हिशोबानं घातलंय! भोकं अर्धीसुद्धा भरू नयेत इतकंच. आणि बीकरमध्ये तर..."

"बीकरात ऑक्सिजन इतकूसा लागते," सरांनी चिमूट दाखवली. "तिथं हे कळतच नाही."

मी हिशोब पुन्हा केला. प्रज्ञानं केला. हिशोब बरोबर होता. मग सर म्हणाले की पुढच्या बुधवारी दुपारपासून यंत्र दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना दिलंय. मी मान हलवली आणि माझ्या डोळ्यासमोर बोटींचे गंजलेले पत्रे आले, एकावर एक रचलेले.

जरीपटक्याजवळचं घर

प्रज्ञाचं घर जरीपटक्याच्या पुढे, बाजाराच्या गर्दीतून गाडी काढत जावं लागतं, कपड्यांची दुकानं, भांड्यांची दुकानं, आईस-गोळे. तिची आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. संध्याकाळी आम्ही तिला घ्यायला गेलो, तर धंतोलीत पाय ठेवायला जागा नाही, एका दवाखान्याला लागून दुसरा, आणि प्रत्येकाच्या बाहेर वर्धा, यवतमाळ, गोंदियाकडून आलेली माणसं, त्यांचे डबे, चटया. प्रज्ञाची आई, म्हणजे मावशी, गर्दीतून बाहेर आल्या, पांढरा कोट हातावर, आणि पहिलं वाक्य: "कांदा आहे काय खिशात?"

मी दाखवला.

"शाबास. जय भीम बाई, ये."

घरी समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली प्रज्ञाच्या आजोबांचा फोटो. छप्पन सालच्या दीक्षेला ते खांद्यावर बसून गेले होते, इतके लहान होते, असं मावशींनी पाणी देता देता सांगितलं. मग म्हणाल्या, "तोंड काहून एवढूसं झालं वं हिचं?"

"तिच्या पावडरीनं दगा दिला," प्रज्ञा म्हणाली.

"कायची पावडर?"

मी परत सगळं सांगितलं. मावशींनी मन लावून ऐकलं. "म्हणजे मीठ आहे, पन पातळ."

"हो."

"म्हणजे खारं पानी."

"नाही मावशी! पाण्याचा थेंब नाही त्यात."

"पान्याशिवाय पातळ मीठ," मावशी प्रज्ञाकडे बघून म्हणाल्या. "हे शिकाले लोकायच्या पोरी एवढ्या दूर येतात, अन् तुले भाजीत मीठ किती टाकायचं ते नाही येत."

त्या रात्री जेवायला लांब पोळी होती. हे तुम्ही बघायलाच हवं! चुलीवर मातीचं मडकं पालथं घातलेलं. मावशी सैलसर कणकेचा गोळा हातांवर घेतात आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवत झुलवत तो लांबवतात, कोपरापर्यंत, रुमालासारखा पातळ, पलीकडचं दिसेल इतका, आणि मग एका झटक्यात मडक्यावर. आमच्याकडे घावणे, आंबोळ्या, सगळं तव्यावर ओतायचं. ही पोळी हवेत बनते. मी म्हटलं, मला द्या. माझ्या गोळ्याला मनगटापाशी भोक पडलं, मग ते भोक मोठं झालं, मग माझा हात त्या भोकातून बाहेर आला आणि पोळी बांगडी झाली.

"राहू दे, राहू दे," मावशी हसून हसून खाली बसल्या. "तू पावडरच कर."

सोबत झणझणीत मटणाचा रस्सा. मी तीन वेळा नाक पुसलं आणि चार वेळा वाढून घेतलं. पोट भरलं तरी छातीवर गंज होताच.

खापा

रविवारी लॅब बंद. प्रज्ञाच्या मामाचं घर खाप्याला, कन्हान नदीच्या काठी, सावनेरच्या बाजूला. "चाल, घरी बसून रडशील," प्रज्ञा म्हणाली, आणि आम्ही सकाळीच बसनं निघालो. दोन्ही बाजूंना उन्हानं पांढरी पडलेली शेतं, मध्येच एखादं हिरवंगार कडुलिंबाचं झाड, त्याखाली सगळ्या गावाची गुरं.

मामांनी दारातच विचारलं, "हेच काय ती कोकणातली पोट्टी? समुद्र सोडून इकडं कायले आली गा ही?"

"मामा, गा पोराले म्हणतात, पोरीले वं," प्रज्ञा म्हणाली.

"अवं, थांब, तुह्या मामीलेच विचारतो. काय वं, हिले गा म्हणू का वं?"

आतून मामी म्हणाल्या, "काहीच नको म्हणू. पानी दे तिले."

मामींच्या गच्चीवर वाळवण घातलेलं होतं, कुरडया आणि साबुदाण्याचे पापड, जुन्या साड्यांवर पसरलेले. सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी कडक! आमच्याकडे आई दोन-तीन दिवस तरी उलटवत बसते, आणि मध्येच ढग आले की सगळ्या घराची पळापळ. मामींनी आल्या आल्या एका ताटात मुरमुऱ्यांचा चिवडा ठेवला होता. आम्ही थोडा खाल्ला, ताट तसंच राहिलं, मग डाळीचे वडे कुस्करून घातलेला वडाभात जेवलो, मग झोपलो, कारण दुपारी खाप्यात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. ऊन उतरल्यावर नदीवर गेलो. पाणी एका कडेनं वाहत होतं, बाकी सगळी वाळू. मी पाय बुडवून बसले. मामा म्हणाले, "एवढंच पानी पाहून रडाले येते काय?" मी म्हटलं, "नाही मामा, छान आहे." छानच होतं. वाळू गरम आणि पाणी गार, आणि पाण्यावर उतरलेला उजेड एकदम केशरी.

परत आलो तर चहा. चिवड्याचं ताट तिथेच, सकाळपासून उघडं. मी सहज मूठभर तोंडात टाकला.

कुर्रम.

मी चावायची थांबले. अजून एक मूठ. कुर्रम! सकाळपासून उघडा पडलेला चिवडा, आणि आत्ता डब्यातून काढल्यासारखा. आमच्याकडे चिवड्याचा डबा उघडा राहिला तर पाहुणे चपला घालेपर्यंत सादळतो. आई डब्याच्या झाकणाखाली प्लास्टिक लावते, वर दगड ठेवते, तरी सादळतो. पापड सादळतात, बिस्किटं सादळतात, मिठाला पाणी सुटतं. माझ्या गावी सगळंच सादळतं.

सगळंच.

"प्रज्ञा," मी म्हटलं, "माझी पावडर सादळलेली होती."

"काय?"

"पावडर! कार्बन तो, त्यात किती भोकं, तो हवेतली ओल पिऊन बसतो! मी रत्नागिरीत उघड्या काट्यावर तोलली, त्यात कार्बन कमी आणि पाणी जास्त! मी कार्बनच्या हिशोबानं लिक्विड घातलं, पण तेवढा कार्बन नव्हताच तिथे! म्हणून भोकं बुजली! आणि काटा! इथे डबी उघडली तर आकडा खाली खाली जात होता, तो कूलर नव्हता, ती पावडर वाळत होती, माझ्या रुमालासारखी!"

प्रज्ञानं ताटातला एक मुरमुरा उचलून दातांत फोडला. मग म्हणाली, "आम्ही तर कधीच विचार नाही केला. आमच्याकडे काही सादळतच नाही."

"काय झालं वं?" मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही मामी, हिले चिवडा आवडला."

मामींनी मला जाताना पिशवीभर चिवडा बांधून दिला.

पुन्हा लॅब

सोमवारी मीच पहिली पोचले, म्हणून कूलरमध्ये पाणीही मीच भरलं. साध्या पावडरीची आणखी एक छोटी डबी मी रत्नागिरीत घट्ट बंद करून आणली होती, ती अजून उघडलीच नव्हती. म्हणजे आतली हवा अजून रत्नागिरीची. सर आले, आम्ही सांगितलं, ते फक्त म्हणाले, "उघड अन् तोल."

डबी उघडली, पावडर काट्यावर. काचेची दारं बंद, कूलर बंद, पंखा बंद, आम्ही तिघं घामाघूम, म्हणजे मी आणि प्रज्ञा, सरांना घाम येत नाही. आकडा हळूहळू खाली. खाली. आम्ही श्वाससुद्धा काट्यापासून लांब सोडत होतो. मग ती पावडर तापवून पूर्ण वाळवली आणि परत तोलली. जेवढी मी पावडर समजत होते त्यातला चांगला मोठा वाटा पाणी होता! मी ओरडले. सर म्हणाले, "ओरडू नको, आता नवीन हिशोब कर."

नवीन हिशोबात लिक्विड खूपच कमी लागत होतं. मी ते अल्कोहोलमध्ये विरघळवलं, वाळलेली पावडर बशीत घेतली आणि ओतायला वाकले, रत्नागिरीत रोज ओतते तशी.

"अवं थांब! आधी पानी! पानी!"

प्रज्ञा ओरडेपर्यंत दोन थेंब पडले होते. पावडरीच्या कडेला लाल ठिणगी उठली, आणि ती कडा पाचोळ्यासारखी धगधगत आत सरकायला लागली. प्रज्ञानं पाण्याची बाटली घेऊन त्यावर नेम धरून फवारा मारला, आणि बाकीची पावडर मी चमच्यानं बाजूला ओढली. संपलं. मी अल्कोहोलची बाटली टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

कोरडं प्लॅटिनम आणि अल्कोहोल एकत्र आले की पेट घेतात. मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं. पण आमच्याकडे पावडर नेहमीच ओलसर, त्यामुळे आधी पाण्याचे थेंब घालायची सवयच कधी लागली नाही. आजवर मला वाचवत होती ती सादळ!

सरांनी बशीत वाकून पाहिलं. "भाजली नाहीस ना? मग ठीक आहे. किती उरली?"

"एका सेलपुरती."

"मग एक सेल कर."

मंगळवारभर आम्ही तो एक सेल केला. आधी पाणी, मग अल्कोहोल. शाई. फवारताना प्रज्ञा म्हणाली, "हात नको हलवू एवढा," आणि मी म्हटलं, "मी हलवत नाहीये, तो आपोआप हलतोय," मग फवारणी तिनंच केली. सेल बांधला, स्क्रू आवळले, तयार व्हायला लावला.

बुधवारी मोजलं. दुसऱ्या कॉलेजची मुलं बाहेर बाकावर आली होती, पाठीला सॅक, कुल्फी खात. स्क्रीनवर आधीची निळी रेघ. तिच्यावर आता हिरवे ठिपके एकेक करून पडायला लागले. पहिला निळीच्या वर. दुसरा वर. हे तर मागच्या वेळीही झालं होतं. मी बोटं एकमेकांत अडकवून बसले. लाल रेघ जिथून गडगडली होती ती जागा जवळ आली. प्रज्ञानं करंट वाढवला. ठिपका पडला. वर! अजून वाढवला. वर! अजून. थोडा खाली उतरला, पण निळीच्या वरच. शेवटच्या टोकाला, जिथे साध्या पावडरीलाही धाप लागते, तिथे निळी आणि हिरवी एकत्र येऊन भेटल्या. गडगडली नाही. एकदाही नाही.

मी उभी राहिले आणि खुर्ची मागे पडली. प्रज्ञानं मला मिठी मारली. बाहेरचा एक मुलगा म्हणाला, "झालं काय ताई? आम्ही येऊ काय?" सर म्हणाले, "दोन मिनिट थांब गा, पोट्टीचं लगीन होऊन राहिलं."

मी मॅडमना फोन लावला. एका दमात सांगितलं, चिवडा, काटा, पावडर, ठिणगी, हिरवे ठिपके, सगळं. पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज.

"मॅडम?"

"ऐकतेय." मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या लॅबमध्ये आजवर तोललेली प्रत्येक पावडर सादळलेली होती."

मी हे बोललेच नव्हते. खरं तर मला ते तोवर सुचलंच नव्हतं. माझे बीकरचे आकडे चुकीचे. माझ्या आधीच्या दोन मुलींचे आकडे चुकीचे. मॅडमनी स्वतः केलेले सुद्धा. प्लॅटिनम किती ते सगळं पाण्यासकट मोजलेलं. माझी सगळी हवा एकदम गेली.

"हो मॅडम," मी म्हटलं.

"आणि हा एकच सेल आहे तुझा. एकदा आलं म्हणजे आलं असं नाही."

"हो मॅडम. पावडर संपली."

"ओव्हन आपल्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "आपण मूर्ख, त्यात नुसत्या काचेच्या नळ्या वाळवत बसलो. तू ये. पहिल्यापासून सुरू करू, सगळंच. पुढच्या वेळी दहा सेल घेऊन जा त्यांच्याकडे."

"आणि गंज?"

"गंजाकडे दुसरं कुणीतरी बघेल."

मी फोन ठेवला आणि इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या मुलाची कुल्फी खाली पडली. त्याला मी दुसरी घेऊन दिली, आणि प्रज्ञाला एक, आणि सरांनी नको नको म्हणत दोन खाल्ल्या.

आता मी रत्नागिरीत, लॅबमध्ये बसून हे टाईप करतेय. बाहेर हवा इतकी दमट की कीबोर्डला बोटं चिकटतायत. ओव्हनमधल्या नळ्या बाहेर काढून टेबलावर ठेवल्यात आणि आत पहिली पावडर गेलीय. मॅडम दर थोड्या वेळानं येऊन काचेतून आत बघून जातात. आत्ता परत आल्यात. "किती वेळ राहिला?" विचारतायत. मी उठते, तोलायची वेळ झाली.